प्रकृती-ओरा

निमाती घाटावरून पहिली फेरी सुटते
तेव्हा नदी दिसत नसते, नुसती ऐकू येते.
दोन मोटरसायकली, बदकांची टोपली, आणि मी.
पलीकडे माजुली, गेल्या वर्षीपेक्षा थोडी कमी.

मुहीराम भकत मला सत्राच्या आत शिकवत नाहीत.
बाहेर, सावरीखाली.
हातात बांबूची काठी. मला ती कधी लागत नाही,
माझ्या सावलीला लागते:
हा गुडघा आत गेला. ही मान कुणाची?
सावली सुधारते. मागून मी.

किती जुना हा नाच, बापू?
पाचशे वर्षं म्हणतात. मी नाही मोजली.
मी नामघरं मोजली. तीन.
पहिलं नदीनं नेलं तेव्हा मी आठ वर्षांचा.
आधी खोल उचलले, मग पोथ्या, मग भांडी,
मग खांब, सहा-सहा जणांनी, चिखलातून.
नाच उचलावा लागला नाही.
तो पोरांच्या गुडघ्यांत होता.

माटी-आखोरा म्हणतात या धड्यांना.
मातीवर लोळायचं, वळायचं, मातीतूनच उठायचं.
जिच्यावर ते शिकले
ती माती आता बांगलादेशात असेल,
किंवा समुद्रात.

एका वर्षी रेडिओनं सांगितलं,
तुमचा नाच आजपासून शास्त्रीय.
गाई दोहायच्या राहिल्या होत्या, त्या दोहल्या.
संध्याकाळी गुरुआसनासमोर वाकलो, रोजच्यासारखे.
मग दिव्यांचे रंगमंच आले, विमानं आली,
वेळ बांधून आली: बारा मिनिटं.
रात्रभराचं बारा मिनिटांत बसवताना
काय गाळलं, ते बापू सांगत नाहीत.
मग तुम्ही आलात, एवढंच म्हणतात.
तुम्ही म्हणजे आम्ही. मुली.

आज पुरुष-ओरा झाला. मग प्रकृती-ओरा,
बाईचं उभं राहणं, बाईचं चालणं.
त्र्याहत्तर वर्षांच्या माणसानं काठी ठेवली,
गमछा डोक्यावरून घेतला
आणि चार पावलं टाकली.
माझ्यात इतकी बाई नाही.

सत्रात तर एकही बाई नव्हती.
कुणाकडून शिकलात?

बराच वेळ सावरीचा कापूस पडत राहिला.
सहाव्या वर्षी आणून सोडलं मला इथं.
आई घाटाकडे गेली. वळली नाही.
वळली असती तर मी धावलो असतो, हे तिला ठाऊक होतं.
चेहरा नाही आठवत.
ही एवढीच चाल आठवते, पाठीमागून.
तेवढीच सगळ्यांना शिकवली.
गुवाहाटीतही तीच नाचतात म्हणे.

शेवटच्या फेरीचा भोंगा झाला.
मी वाकून निघाले.
ते सावरीखाली उभेच होते, मला माहीत होतं.
वाळूतून घाटापर्यंत दोनशे पावलं,
आणि मला पाऊल कसं टाकायचं तेच कळेना.
नावाडी ओरडत होता, लवकर या, बाई, लवकर.