दुरुस्तीची रेघ

नेब्रास्काच्या नकाशावर राज्य मार्ग एकशे त्र्याण्णव
बोटाखाली झाकला जातो.
चौतीस मैल. दोन गावं,
त्यातलं एक आता फक्त पाटीवर.

रस्ते खात्याच्या दप्तरात मी रुजू झाले
तेव्हा त्याची फाईल माझ्या वाट्याला आली.
१९११: चिखल, बीटच्या गाड्या, गाडीला चार घोडे.
१९२३: खडी, आणि रस्त्याला आकडा.
१९३८: डांबर. ते अर्ध्यावर संपलं,
उरलेलं युद्धानंतर.
समासात कुणाचं तरी बारीक अक्षर:
तिसऱ्या पुलावर गुरं थांबतात. माणसंही.

तसा हा नाकासमोर चालणारा रस्ता, सरळ उत्तरेला.
एकविसाव्या मैलावर मात्र
काटकोनात उजवीकडे वळतो,
दीडशे पावलं जातो,
पुन्हा काटकोनात डावीकडे,
आणि काही झालंच नाही असा पुढे निघतो.

ग्रेडरवाला लॅम्बर्ट कुचेरा म्हणाला,
विधवा ऑर्फा टॅल्बटची करणी.
मोजणीच्या खुंट्या उपटून तिनं चुलीत घातल्या.
कॅफेतली व्हर्ना म्हणते, छे,
इंजिनिअर प्यायलेला होता.

फाईलचं म्हणणं त्याहून साधं:
पृथ्वी गोल आहे.
मोजणीवाल्यांनी सपाट धरून चौकोन आखले,
वर जाता जाता रेघा एकमेकींकडे सरकू लागल्या;
म्हणून दर चोवीस मैलांनी थांबायचं,
साचलेली चूक मोजायची,
जरा बाजूला होऊन पुन्हा सरळ व्हायचं.

हे लॅम्बर्टला सांगितलं.
तो बराच वेळ काचेवरची धूळ पुसत राहिला.
"असेल," म्हणाला,
"पण खुंट्या तिनं जाळल्या, ते खरं."

बर्फाच्या रात्री दरसाल कुणीतरी वळत नाही.
एकदा दूधवाला.
एकदा लग्नाचं वऱ्हाड, मांडीवरचा केक शाबूत.
अठ्ठ्याऐंशी साली लॅम्बर्ट स्वतः,
बर्फ ढकलायच्या फाळासकट.
टॅल्बटांनी एकोणीस वेळा कुंपण सांधलं.
विसाव्या वेळी तिथं फाटक बसवलं,
रुंद, बिनकडीचं,
रस्त्याकडून ढकललं की शेतात उघडणारं.

फाईलमध्ये त्याची नोंद नव्हती.
काल मी शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं:
मैल एकवीस. फाटक, खासगी.
शासनाला खर्च: शून्य.