सलंग

झडीचा आज तिसरा दिवस.
दुपारी दीडला लाईट गेली,
मिल धाप टाकत थांबली,
पट्ट्याची फडफड विरली तेव्हा कळलं
टिनावर पाऊस केवढ्यानं बोलतोय.

इस्तारी अडकला.
दोन कट्टे धान घेऊन आला होता.
एक भरडून झालं, दुसरं अर्धं मशीनच्या तोंडात.
तो कोंड्याच्या ढिगाशी बसला, मी काट्याशी.
धुऱ्याच्या हातभर मातीवरून
नऊ वर्षं आम्ही बोलत नाही.
दुसरी मिल सात किलोमीटरवर,
आणि नाल्यावरून पाणी.
नाहीतर तो आला नसता.
हे त्याला माहीत, मलाही.

ओल्या कोंड्याचा वास येतो
आणि मग माझं काही चालत नाही.

सातवीत होतो. भादव्याची अशीच झड.
वर्गातल्या नकाशावर गळती लागली,
विदर्भ भिजून खाली लोंबला,
गुरुजी म्हणाले, जा रे घरी.
घरी कोण जातो!
फाल्गुनच्या बापाची सायकल, ब्रेक नाही, मडगार्ड नाही,
दांड्यावर एक, मागं एक,
आणि केवळराम पळत, त्याची पाळी होती म्हणून.
डोक्यावर युरियाच्या थैल्यांच्या खोळी.
पाठीवर टाळूपर्यंत चिखलाची रेघ.

तलाव भरून सलंग सुटला होता.
गुळाच्या चहासारखं पाणी
दगडांवरून दणादण उतरत होतं
आणि त्यातून उलटे, वेड्यासारखे, शिंगूर चढत होते.
आम्ही दुपट्टा धरला चौघांनी चार टोकांना.
मिळाले तीन मासे, एक खेकडा.
भाजायचे तर माचीस भिजलेली.
केवळरामनं मासे परत सोडले,
म्हणाला, "जा, मायले सांग सुटलो म्हनून."

तेव्हाच इस्तारीची चप्पल गेली.
निळ्या पट्ट्याची, डाव्या पायाची.
पाळीवरून धावलो तिच्यामागं,
बेशरमाच्या झुडपांतून, कोणाच्या तरी बांधीतून,
ती दिसायची, बुडायची, पुन्हा दिसायची,
आणि मग नुसतं पाणी.

इस्तारी रडला नाही.
उघडा पाय त्यानं दुसऱ्या पायावर ठेवला
आणि बगळ्यासारखा उभा राहिला.
त्याचा बाप कसा मारायचा, सगळ्या गावाला माहीत.
फाल्गुननं आपली एक काढली, टाकली धारेत.
केवळरामनं त्याची.
माझी पोळ्याला घेतलेली होती, आठ दिवसांची,
अजून रबराचा वास जायचा होता.
मी थांबलो. पाच श्वास असतील.
मग टाकली.

त्या रात्री चार घरांत चार मार.
आणि मधल्या कुडापलीकडून
केवळरामचं दाबलेलं हसू.

फाल्गुन मिरची तोडायला तेलंगणात जायचा,
दोन वर्षं झाली, तिकडेच आहे.
केवळराम बुटीबोरीत वॉचमन,
रोज सकाळी मोबाईलवर गुलाब पाठवतो.
मी उत्तर देत नाही. गुलाबाला काय उत्तर देणार?

ते पाच श्वास
इस्तारीनं पाहिले होते का,
कधी विचारलं नाही.
विचारायच्या वयात
आमच्यात धुरा आला.

अंगणात आता घोट्याएवढं पाणी.
दाराशी काढलेली त्याची प्लास्टिकची चप्पल
जरा हलली, वळली,
उंबऱ्याच्या दगडाला लागून थांबली.
आम्ही दोघंही तिकडं पाहत होतो.
बराच वेळ.

"सलंग सुटला असंल,"
तो म्हणाला. माझ्याकडं न बघता,
टिनाला सांगावं तसं.

"असंल," मी म्हणालो.

साडेतीनला लाईट आली.
मी पट्टा चढवला, खटका ओढला,
त्याचं उरलेलं धान भरडून दिलं.
वजन करायचं राहूनच गेलं.