चौथं रीळ

साखर पेठेत, बंद पडलेल्या मागांच्या वर
राजेशम बिंगीची खोली.
आधी वास येतो, आंबूस.
जुनी फिल्म मरते ती लोणचं नासावं तशी.
चपटे पत्र्याचे डबे पलंगाखाली, फ्रीजवर, मोरीच्या कट्ट्यावर.
देवाच्या फळीखाली तेवढा एकही नाही.

मी सात रस्त्याचा. माझ्याकडे पोस्टरं,
एकशे बारा, हव्या त्या जागी
डांबरी कागदाची पट्टी चिकटवलेली.
बायकोला सांगितलंय, विम्याची कागदपत्रं.

काय असतं त्यात, विचाराल तर
मला नीट सांगता येत नाही.
साडेअकराचा खेळ,
रात्रपाळी सुटलेली माणसं, नाकापर्यंत मफलर,
आणि जीपमागे जीप धावताना
मधेच, न सांगता, दोन मिनिटं
दुसरीच बाई, दुसऱ्याच गावचा उजेड.
परत जीप.
तो सांधा मला आवडतो.
चोरीचं काम, पण कुणीतरी
कात्री किती सरळ चालवलीय.

पाट्यांवरची नावं सगळी खोटी.
जिवंत कोण, कुणालाच ठाऊक नाही.
कुठल्याच यादीत नसलेलं काहीतरी
आपल्या हातात आहे, एवढंच.
बहुतेक एवढंच.

चौथ्या रिळाचे अठरा हजार देतो म्हटलं.
"नको बे," राजेशम म्हणाला,
आणि भिंतीवर लुंगी ताणून मशीन लावलं.

खाट. बाई. ती जांभई देते,
पलीकडून कुणीतरी खूण करायची वाट बघते.
"तिला नको बघू. खाली बघ.
चादर. डावीकडनं तिसरा मोर."

मोराला डोळा नव्हता.

"जेकार्डचा पुठ्ठा मी पंच मारलो. एक भोक चुकलं.
मालकानं आठ दिवसांचा पगार कापला.
माल कुठं गेला, कोण सांगणार?
मग एका सकाळी थेटरात बसलो,
सगळे तिच्याकडं बघालते,
मी एकटाच उठून उभारलो.
मागचे शिव्या घालालते, बस की खाली."

पडद्यावर खूण झाली असावी.
पण ती उठत नाही,
चादर हनुवटीपर्यंत ओढून घेते.
फिल्म तिथंच तुटलेली.

त्यानं लुंगी काढली, घडी घातली.
"थंडी वाजालती तिला," तो म्हणाला.
"आपला माल गरम असतोय की."