सातवा तास

शुक्रवारचा सातवा तास माझा.
वेळापत्रकात लाल शाईनं लिहिलंय तसं:
शा. शि.
दोन अक्षरं, दोन टिंबं,
आणि दारात इंगवले सर, हातात खडू:
"बाई, अपूर्णांक राहिलेत. तुमचं काय, पळायचंच तर आहे."

पळायचंच तर आहे.
अकरा वर्षं हे वाक्य
शिट्टीसारखं गळ्यात घालून फिरतेय मी.

शाळा उत्तरेश्वर पेठेत, नदीच्या अंगाला.
महापुरानं मैदानाकडच्या भिंतीवर
एक मातकट रेघ ओढून ठेवलीय,
सहावीच्या पोरांच्या डोक्यावर वीतभर.
दोनदा चुना मारला. रेघ वर येते.
मैदान म्हणजे दोन टेम्पो, वाळूचा ढीग,
आणि मंडपवाल्यानं बांबू उपटून नेल्यावर
तसेच सोडलेले खड्डे.
त्यात पोरं गोट्या खेळतात.

खेळाचं कपाट हेडसरांच्या खोलीत,
किल्ली दळवी मामांकडं,
मामा कायम बँकेत.
आत सहा चेंडू, त्यातले चार मेलेले,
लेझमाच्या चकत्या गंजून एकमेकींना धरून बसलेल्या.
वर काचेत फुटबॉलची ढाल,
कुणीतरी कधीतरी जिंकलेली.
पाहुणे येणार असले की तेवढी पुसतात.

तक्ता दरसाल येतो.
मैदान: आहे. साहित्य: आहे. तास: होतात.
मी सही करते.
अक्षर माझं चांगलं आहे.

आणि खरं सांगायचं तर
तास मिळाला तरी मी काय करत होते?
आमच्या पेठेत पोरगं चालायच्या आधी लाथ मारायला शिकतं.
तशी अकरा-बारा पोरं, त्यांना चेंडू द्यायचा,
आणि आपण सावलीत उभं राहून ओरडायचं, "पास दे की रं!"
उरलेली सदतीस पायरीवर.
त्यांची हजेरी मी तिथंच घ्यायचे.

समीना मुजावरच्या पोटात दर शुक्रवारी दुखायचं.
एकदा इंगवले सर रजेवर होते,
मी तिच्याशेजारी पायरीवर बसले.
बराच वेळ चप्पलेचा अंगठा चाचपत राहिली.
मग म्हणाली, "बाई, गडी निवडताना मी शेवटी उरते.
तवा दुखतंय. आधी न्हाई."

मी काही बोलले नाही.
खडू घेतला, तिला भिंतीपाशी नेलं.
"उडी मार. हात पोचंल तिथं रेघ ओढ.
दुसऱ्या कुणाकडं बघायचं नाही."
पहिली रेघ महापुराच्या खालीच राहिली.
दुसरी बरोबर पुरावर.
तिसऱ्या उडीला ओढणी कमरेला बांधली तिनं.

मग हर्षद आवळे आला, जाडा, घामेजलेला.
मग जुळ्या कुंभारणी.
मग फुटबॉलवालेही, चेंडू टाकून.
तास संपल्याची घंटा झाली तेव्हा भिंतीवर
एकोणपन्नास खडूच्या रेघा होत्या,
प्रत्येकीखाली नाव, वाकडंतिकडं.
पुराच्या वर किती, खाली किती,
मी मोजलं नाही.
पुढच्या शुक्रवारी ज्याची त्यानं आपली मोजायची.

पुढचा शुक्रवार सरांनी घेतला.
त्याच्या पुढचाही.
तिसऱ्याला पोरंच वर्गाबाहेर येऊन उभी राहिली, मुकाट,
आणि सर भिंतीजवळ जाऊन चष्मा वर करून म्हणाले,
"ही मुजावर... पाऊण वीत वाढली की."
पाऊण म्हणजे किती, ते त्यांनी तिथंच विचारलं.
सवय जात नाही.

यंदाचा तक्ता मी असा भरला:
मैदान: टेम्पो उभे आहेत.
साहित्य: खडू.
तास: एकोणीसपैकी सात.
नदी शंभर पावलांवर, पोहता येणारी मुलं सहा.
हा रकाना तक्त्यात नव्हता, समासात लिहिला.

हेडसरांनी परत पाठवलाय. "नीट भरा."
टेबलावर आहे, पेपरवेटखाली.

आज गुरुवार.
मामांकडं किल्ली मागितलेली नाही.
दोन खडू पर्समध्ये टाकलेत,
एक मोडला तर असू दे म्हणून.