सहावी जागा

रात्रपाळी. कतीफ. इस्पितळाचा तळमजला.
एसीचं पाणी बादलीत थेंबथेंब,
फ्रिजवर सूचना: आत जेवण ठेवू नये.
आत फाजिलचा डबा. मासळीभात, वर काळं लिंबू.

लग्नाआधीच्या तपासणीच्या चौदा नळ्या.
नळीमागे रेघांचा कागद धरायचा,
रेघा दिसल्या की सुटलो.
तेरा वेळा दिसल्या.
चौदाव्या नळीत धुकं.

बतूल, वय तेवीस. होणाऱ्या नवऱ्याचं रक्त अजून आलेलं नाही.

जेल लावतो. आता चाळीस मिनिटं हातांना काम नाही,
म्हणून पुटपुटतो, शाळेत पाढे म्हणायचो तशी
बीटा साखळीची सुरुवात:
व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन,
ग्लुटामिक.
पुढे एकशे चाळीस आहेत. मी कायम सहाव्याशी अडखळतो.

नंदुरबारच्या कॉलेजात पाडवी सर सांगायचे,
वीस अमिनो आम्लं म्हणजे बाजाराला निघालेली वीस माणसं.
ग्लायसिन कडेवरचं पोर, कुठेही मावतं.
प्रोलिनची मान आखडलेली, त्याच्यापाशी वाट वळते.
दोन सिस्टिन भेटले की हात सोडत नाहीत.
लायसिन अधिक, ग्लुटामिक उणे,
दोघांनाही पाण्याकाठी बसायला आवडतं.
आणि व्हॅलिन, ल्युसिन, ही तेलकट मंडळी
पाणी दिसलं की घरात पळतात.
“त्यांच्या पळण्यानेच घराला आकार येतो,” सर म्हणायचे
आणि खडूचे हात पँटीला पुसायचे.

तेव्हा पाठ केलं. समजलं इथे,
तेलाच्या देशात.
मासळीबाजारामागे पाण्यावर डिझेल सांडलं होतं,
एक तवंग दुसऱ्याला जाऊन मिळत होता,
माया म्हणून नव्हे,
पाणी त्यांना आपल्यात घेत नव्हतं म्हणून.
खोलीत आम्ही सहा जण राहतो, तेही असेच.

साखळी जिन्यासारखी पिळते, पीळ पिळावर दुमडतात,
तेलकट बाजू आत,
खोबणीत लोहाचा एक कण.
त्यावर प्राणवायू येऊन टेकतो, उठून जातो.
अशा चार साखळ्या एकमेकींत बसल्या की
एक श्वास वाहून नेता येतो.

सहाव्या जागी, बाहेरच्या ओसरीवर,
ग्लुटामिक हवा. तिथे व्हॅलिन आला
तरी घर पडत नाही. भिंतीवर
तेलाचा एक डाग राहतो, एवढंच.
पण प्राणवायू उठून गेला की तो डाग
शेजारच्या घराला चिकटतो, ते त्याच्या शेजारच्याला,
दोर वळत जातो,
गोल पेशीचा विळा होतो.

फाजिल मला फसावे म्हणतो.
अरबीत व नाही, त्याचा नाइलाज.
माझं आडनाव वसावे. एका अक्षराने
राहायला आलेला माणूस अडकलेला होतो.
अर्थ सांगितला तेव्हा तो इतका हसला
की हातातला चहा सांडला.
मग म्हणाला, आमच्या घरात तिघांना आहे.

रूपसिंग थंडीत गुडघे धरून ओरडायचा.
आई तेल चोळायची.
अकराव्या वर्षी गेला. आजाराला तेव्हा आमच्याकडे नाव नव्हतं.
शिकताना पहिलं जेल मी स्वतःच्या रक्ताचं लावलं.
दोन पट्टे. एक पुढे गेलेला,
एक मागे रेंगाळलेला, उणे भार हरवून.

सातपुड्यातला विळा आणि कतीफचा विळा
एकाच भट्टीतला, फाजिल म्हणतो,
कुठल्याशा परिषदेत ऐकून आलाय.
मला त्याचं काय करायचं ते कळत नाही.
त्याच्या डब्यातला भात मात्र आता मी न विचारता खातो.

बतूलचेही दोन पट्टे.
म्हणजे वाहक. म्हणजे ती ठणठणीत आहे.
म्हणजे आता सगळं दुसऱ्या नळीवर.

साडेसहाला सफवाची गाडी येते.
बर्फपेटी, सह्या, शिक्के.
तिच्याच अर्जाचा नंबर, पुढे दोनचा आकडा.
नळी गार आहे. तळहातात धरून ठेवतो,
रेघांचा कागद शोधतो.
तो माझ्या कोपराखालीच आहे.