ठिणगी बघताना दिवा मालवावा

अमळनेरला, स्टँडच्या मागल्या बोळात
'न्यू सप्तशृंगी मोटार रिवाइंडिंग'.
त्यातलं 'न्यू' माझ्या जन्माच्या वर्षीचं.
आत वार्निशचा वास, जळक्या कॉइलचा वास,
आणि अप्पा, मांडीवर स्टेटर घेऊन
लेकराच्या डोक्यातल्या उवा काढाव्यात तसे
खाचांतून तांब्याची तार उपसताहेत.

मी गणित मागे चालू ठेवून आलेय.
पुण्यातल्या एका थंड खोलीत चारशे प्रोसेसर
अकरा दिवस एका चिंचोळ्या पट्टीत इलेक्ट्रॉन ढकलताहेत.
पट्टी म्हणजे काय,
हे अप्पांनी आज तिसऱ्यांदा विचारलं.

समजा, अप्पा, दोन चुंबकी क्षेत्रं.
एकाच्या रेषा भुसावळकडे, दुसऱ्याच्या सुरतेकडे,
मधे तापलेला वायू, दोन्हीकडून दाब.
सरकत सरकत मधली जागा उरते
कांद्याच्या पापुद्र्याएवढी.
तिथे रेषा तुटतात,
तुटून समोरच्या तुटलेल्यांना जुळतात
आणि गोफणीसारख्या दोन्ही अंगांना सुटतात.

"तुटस ती रेघ, मंग जास कोठे?"

पाच वर्षं मी यावरच वाचतेय,
इतकं सरळ कुणी विचारलं नव्हतं.
रेष खरी नसतेच, म्हणाले, आपण ती काढलेली असते.
अप्पांनी आर्मेचर ग्रोलरवर ठेवलं,
वर करवतीचं जुनं पातं धरलं.
पातं थरथरायला लागलं, माशी अडकल्यासारखं.
"हाई खोटं शे का?"

मग मी रेष सोडली, ताण धरला.
ताण त्यांच्या ओळखीचा.
दगा मिस्त्रींच्या गिरणीचा पट्टा तुटला तेव्हापासून
उजव्या अंगठ्याचं नख अर्धंच येतं.
पट्ट्यात होतं ते कुणाकुणाला मिळालं,
नखाला, भिंतीवरच्या कॅलेंडरला, पिठाच्या डब्याला.
तसंच, अप्पा. क्षेत्रातला ताण सुटतो, कणांना मिळतो.
सगळ्यांना सारखा नाही.
बहुतेकांना चहापाण्यापुरता,
लाखात एखाद्याला असा, की तो थांबतच नाही.

आणि मी त्यांना क्रॅबचं सांगितलं.
वृषभाच्या शिंगाच्या टोकाशी एक मेलेला तारा,
सेकंदाला तीस गिरक्या.
भोवतीचा ढग इतका नेमस्त
की दुर्बिणी त्याच्यावर पारखून घ्यायचे,
शिक्का मारलेल्या किलोच्या वजनासारखा.
एका सप्टेंबरात तो किलो
चार दिवस सव्वा, दीड, कितीतरी भरला.

वळणारा इलेक्ट्रॉन कमावलेलं वाटेतच प्रकाशात उधळतो,
म्हणून त्याच्या श्रीमंतीला हद्द असते.
ते चार दिवस हद्दीच्या पलीकडचे.
मग कुठेतरी अशी जागा हवी
जिथे ढकलणारं आहे, वळवणारं नाही.
ती ही पट्टी.
दोन्ही क्षेत्रं एकमेकांना खोडतात
त्या ऐन मधल्या शून्यात
कण पळतो, आणि त्याला काहीच द्यावं लागत नाही.
पट्टीबाहेर पडला की मात्र एका झटक्यात सगळं.

अप्पा उठले. ट्यूब बंद केली.
अंधारात पाच हॉर्सची मोटार गुरगुरत होती.
"जोडाले थोडी," ते म्हणाले, "तोडाले मोठी. देख."
चाकूचा स्विच ओढला.
हिरवट निळी, बोटभर लांब,
डोळ्यांत नंतरही लोंबत राहिली.

ही ती गोष्ट नव्हे, मला कळतं.
तिथे तांबं नाही, स्विच नाही, ओढणारा हात नाही.
पण साठलेलं चुंबकत्व जागा सोडताना
असं काहीतरी दिसतं, एवढं नातं खरं.

अंधारातच त्यांनी विचारलं,
त्या लाखातल्याचं पुढे काय होतं?

मला खोटं बोलवेना.
आमची पेटी लहान आहे, अप्पा, मोठी परवडत नाही.
उजवीकडून जो बाहेर पडतो
त्याला आम्ही डावीकडून परत आत घेतो.

खूप वेळ काही नाही.
मोटारीचा रोटर हळूहळू थांबत होता.
मग त्या बाजूने हसण्याचा आवाज आला.
"मंग तो गया कोठे? आठेच शे."

ट्यूब दोनदा फडफडली, लागली.
त्यांच्या मिशीला वार्निश लागलेलं होतं.