सुरगाठ

कोकणातल्या माणसांनी हसावं खुशाल,
पण धरणालाही लाटा असतात.
आखाडात तिसऱ्या प्रहरी पश्चिमेचा वारा उठला
की नाथसागर मुरमाड काठावर
ओली गोधडी आपटावी तसा आपटत राहतो.
त्यातून थर्माकोलचा तराफा आत घालायचा
म्हणजे आधी अर्धा तास नुसतं बांधायचं.

गिरजाआत्या बांधते, मी हाताखाली.
जाळं कट्ट्यात, कट्ट्याचं तोंड सुतळीनं,
कट्टा तराफ्याच्या मधोमध
ट्रॅक्टरच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्यांखाली,
दोन आडव्या, एक तिरपी.
"तिरपी कामून?"
"आडव्या लाटंसाठी. तिरपी तुझ्यासाठी,
घाबरला की तू एकाच अंगाला कलतोस."
गळ बुचात खुपसलेले.
वल्ह्याला दोरी हातभर,
त्याहून लांब दोरी गळा शोधत येते म्हणे.
लोणच्याच्या प्लास्टिकच्या बरणीत
मोबाईल, सोसायटीचा पास, तंबाखूची पुडी,
सगळ्यालाच कैरीचा वास.
या सगळ्याला निरगाठ.
सुरी तेवढी सुरगाठीत, डाव्या हाताशी,
डोळे मिटून एकदा ओढून बघायची.

"आन् मला?"
पहिल्या वर्षी मी विचारलं होतं.
पोहणं जेमतेम होतं माझं.
आत्या हसली नाही.
"माणूस बांधायचा नसतो."
मग बराच वेळ गाठी तपासत राहिली,
तपासलेल्याच पुन्हा.
कंबरेला दोरी बांधून गेलेल्या तिच्या मालकाबद्दल
मला नंतर कुणीतरी सांगितलं,
पैठणच्या स्टँडवर, चहात साखर ढवळता ढवळता.

जाणं सोपं. येणं अवघड.
काठ दिसला की माणूस सैल पडतो,
आणि लाट नेमकी तिथंच उभी राहते.
सत्तर हातांवर थांबायचं.
तीन मोठ्या जाऊ द्यायच्या,
चौथीच्या पाठीवरून नीट सरळ यायचं,
उतरायचं ते पाण्याच्या अंगानं.
तराफा आणि काठ यांच्या मधी
उभं राहायचं नाही, कुणी हाक मारली तरी.

परवा मी तिसरीवरच घाई केली.
आभाळ खाली, थर्माकोल वर,
नाकातोंडात गढूळ पाणी.
दोघांनी मिळून तराफा सुलटा केला तेव्हा
कट्टा जागेवर, वल्हं जागेवर,
बरणी जागेवर, आत तंबाखूसुद्धा कोरडी.
चौदा किलो रोहू दुसऱ्या कट्ट्यात
अजून शेपट्या आपटत होते.
गेला फक्त आत्याचा चष्मा,
कपाळावर सारलेला,
सरकारी शिबिरात मिळालेला.
"त्यालाच नव्हती बघ दोरी," ती म्हणाली,
आणि पदर पिळत बसली.

आता गाठी ती बोटांनीच वाचते.
निरगाठीवरून अंगठा पुढं सरकतो,
सुरगाठीपाशी थांबतो.
ओढते.
सुटली की मान हलवते,
पुन्हा घालते तशीच,
आणि म्हणते, चल, ढकल.